तापी झोपे, रात्रपाळी

आडनाव झोपे, आणि रात्रपाळी मागून घ्यायची.
भुसावळच्या रेल्वे एक्स्चेंजात हा विनोद
मी रुजू झाले तेव्हाच शिळा झाला होता.
मी नवी, एकाहत्तरची भरती.
त्या कानावरचं यंत्र न काढता एका हाताने डबा उघडायच्या,
कळण्याची भाकरी, गार भरीत, मूठभर शेंगदाणे.
दुसरा हात दोऱ्यांवर.
खंडवा मागितलं की खंडवा, मनमाड मागितलं की मनमाड,
आणि मधे कुणी काही मागत नसलं
की टेबलावरून बोटाने काहीतरी पुढे सरकवायच्या.
टेबलावर काहीच नसायचं.

गावाला मात्र सगळं ठाऊक.
लढाईत बोटीवर होती म्हणे.
गोऱ्यांच्या पंगतीला जेवली म्हणे.
फैजपूरचं स्थळ परत गेलं, यावलचं आलंच नाही.
वडील गार्ड. हिरवं निशाण दाखवून हजार गाड्या सोडलेल्या,
पण चव्वेचाळीस साली बायकांच्या डब्यात ही बसली
तेव्हा त्यांचा हात वर झाला नाही.
पाणी उकळून पी, एवढं म्हणाले.

डिसेंबरात खिडक्यांना काळे कागद लागले.
एका पहाटे तीनला फोन गप्प झाले,
तशा त्यांनी डब्यातले दाणे टेबलावर मांडले.
अकरा.
"हे जहाज. हेही. ही कड म्हणजे कराची."
मुंबईत तळघर, भिंतीएवढा नकाशा,
पांढरी साडी, खांद्यावर निळी फीत, हातात लांब काठी.
कानात आकडे येणार, काठीने ठोकळा इंचभर पुढे.
"समुद्र रस्त्यापलीकडे होता. खिडकी नव्हती.
वास यायचा नुसता."
एका रात्री आकडे दहाचेच आले.
परत विचारलं. दहाच.
ठोकळा उचलून खोक्यात टाकायचा, असा नियम.
"मी नाही उचलला. बाकीच्यांबरोबर सरकवत राहिले.
अर्धा तास.
मग मॅडमने पाहिलं. सात दिवसांचा पगार कापला."
त्यावर कोण होतं, हे कधी कळलं नाही. विचारायचं नसतं.
मला वाटलं, आता एखादा दाणा तोंडात टाकतील.
अकराही मोजून डब्यात ठेवले, झाकण लावलं.
"कागदावर सही केलीय मी. बोलू नकोस कुठं."
नाही बोलले. आज बोलतेय.

निवृत्तीनंतर जळगावला, सैनिक कार्यालयात,
मी सोबत गेले होते.
कारकून भला माणूस. मान वर न करता म्हणाला,
"मिस्टर कधी वारले?"
"झालेच नाहीत."
"मग सैनिक कोण?"
पंख्याखाली फॉर्म फडफडत होता.
मृत सैनिकाचे नाव, या रकान्यात
त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, सावकाश,
आणि शाई वाळावी म्हणून फुंकर घातली.
पैसे काही आले नाहीत.

जहाजावर त्या कधी चढल्याच नव्हत्या,
हे खरं तर आधी सांगायला हवं होतं.
मला कळलं ते निवडणुकीच्या ड्यूटीत, सत्त्याहत्तर साली.
मतपेट्या घेऊन तापी ओलांडायची, बूथ पलीकडच्या गावात.
नाव काठापासून दोन हात सुटली असेल,
त्यांनी माझं मनगट असं धरलं की बांगडी फुटली.
भोई हसला. "भेल्या का व माय? लहानशी तं नदी."
"कुठं जाते ही, ठाऊक आहे?"
"सुरतीले."
"आणि तिथून पुढं?"
"पुढं काय राह्यते? पाणीच."
त्या काही बोलणार होत्या,
पण तेवढ्यात उलटी आली.
पेटीवर उडू नये म्हणून आधी तोंड वळवलं, मग ओकल्या.
पलीकडे उतरून पदर धुतला, पिळला,
मला वेळ विचारली.
सात चाळीस.
वहीत लिहून घेतली.